पर्यावरणाचा पेपर आणि पर्यावरणाचा प्रश्न

१९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भारतीय राज्यघटनेत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचे कलम दाखल केले. आणीबाणीतील त्या दुरुस्तीचा पुष्कळसा भाग पुढे संसदेने रद्द केला आणि ते योग्यच झाले. परंतु ५१-अ हे कलम राहिले. वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. हे कर्तव्य तरुण पिढीला शिकवायचे कसे, या प्रश्नाला आपल्या शिक्षणव्यवस्थेने उत्तर दिलेले आहे. मात्र ते उत्तर परीक्षेच्या पेपराच्या रूपात आहे, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी व्हायला एक तप उलटले. अखेर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाच्या सर्व शाखांसाठी समान असा पाठ्यक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी तयार केले. पुस्तक मेहनतीने लिहिलेले होते. दोष होता तो प्रमाणात. एकूण पन्नास तासिकांपैकी पंचेचाळीस वर्गातल्या आणि प्रत्यक्ष परिसरात जाऊन पाहण्यासाठी केवळ पाच! २०२३ साली आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि विषयाला चार श्रेयांक दिले. परंतु श्रेयांक वाढले म्हणून वर्गाचे दार आपोआप उघडत नाही.

या व्यवस्थेतला विरोधाभास पाहायचा असेल तर चंद्रपूरचे उदाहरण घ्यावे. तेथे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि आसपास कोळशाच्या खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत होते. अशा शहरातील विद्यार्थ्याला ओझोनच्या थराची व्याख्या पाठ येते, पण घराच्या खिडकीवर साचणारी राख कोठून येते, ती कोणी रोखायची आणि रोखली नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे त्याला पेपरात कोणी विचारत नाही. दूरच्या संकटावर निबंध लिहून गुण मिळवायचे आणि जवळच्या संकटाबद्दल मौन पाळायचे, असा धडा नकळत दिला जातो.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा हिशेबाचा प्रश्न आहे. वीजकेंद्राच्या वहीत कोळसा, पगार आणि व्याज यांची नोंद होते. धुराने जडलेल्या दम्याचे औषध, राखेने बिघडलेले शेत, दूषित विहिरीमुळे दूरवरून आणावे लागणारे पाणी यांची नोंद होत नाही. तो खर्च नाहीसा होत नाही, फक्त त्या वहीतून निघून शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात जातो. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली खाजगी उद्योगांच्या अशा ‘सामाजिक खर्चा’वर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चंद्रपूरचे केंद्र मात्र सरकारी मालकीचे आहे. मालकी सार्वजनिक झाली की हा खर्च आपोआप हिशेबात येतो, असा भ्रम समाजवादी विचाराच्या माणसांनीही बाळगू नये. तो हिशेबात येतो तो शेजारच्या नागरिकांनी मागणी केल्यावर. ही मागणी अभ्यासपूर्वक करता येणे म्हणजेच पर्यावरणाचे शिक्षण होय.

त्याऐवजी आज तरुणांपुढे काय ठेवले जाते? २०२२ साली केंद्र सरकारने मोठ्या समारंभाने ‘लाइफ’ हे अभियान सुरू केले. त्यात व्यक्तीने करावयाच्या ७५ कृतींची यादी आहे. नळ बंद करा, दिवे मालवा, कापडी पिशवी वापरा, अशा स्वरूपाच्या या कृती चांगल्याच आहेत आणि त्या कराव्यातच. परंतु ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते, तेथील मुलीला नळ बंद करण्याचा उपदेश करण्यात काय हशील आहे? सवयींच्या यादीत वाटा सर्वांचा सारखा मानला जातो. प्रदूषण कोण करतो, त्यातून नफा कोणाला होतो आणि आजार कोणाच्या वाट्याला येतो, हा विषमतेचा प्रश्न त्या यादीत कोठेच बसत नाही.

वास्तविक कायद्याने नागरिकासाठी कितीतरी दारे उघडून ठेवलेली आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावयाचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी तीस दिवसांची सूचना देऊन घ्यावी लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली ती लोकांनी आपले ज्ञान आपल्या हातांनी नोंदवावे म्हणून. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरपाईचा इशारा दिला, आणि नोंदवह्यांची संख्या पाहता पाहता लाखांत गेली. महाविद्यालयांतील तरुणांनी गावातल्या जुन्याजाणत्या माणसांजवळ बसून सावकाश करावयाचे हे काम. ते दंडाच्या भीतीने उरकले गेले.

ते सावकाश केल्यास काय घडते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने दाखविले आहे. सुमारे शंभर घरांचे हे गोंड आदिवासींचे गाव. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्याने आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तेथे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अभ्यासगट चालत आले. अभ्यासगटात केवळ चर्चा करायची, निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने, अशी तेथील रीत. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येऊन तिने स्वतः बांबू विकला. या गावाने पर्यावरणावर परीक्षा घेतली नाही. आपले जंगल, त्याचा कायदा आणि त्याचा हिशेब हाच त्याने अभ्यासाचा विषय केला, आणि अभ्यासाला निर्णयाचा अधिकार जोडून दिला.

शहरातल्या तरुणांनी अशीच कृती केली तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आले? ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्यांचा विरोध मेट्रोला नव्हता, कारशेडच्या जागेला होता. कारशेड शेवटी आरेतच झाली, हेही नमूद केले पाहिजे. पुढे २०२० साली पर्यावरणीय मूल्यमापनाच्या नव्या मसुद्यावर सरकारने स्वतःच हरकती मागविल्या. तरुणांच्या एका गटाने त्या पाठविण्याची मोहीम हाती घेतली, तर मंत्र्यांकडे पत्रांचा भडिमार झाल्याच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी त्यांच्या संकेतस्थळाबाबत थेट बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली नोटीस काढली. ती चुकून गेली, असा खुलासा नंतर झाला. जनसुनावणीची सूचना तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्याच मसुद्यात होता!

तरुणांनी आधी शिकावे, आंदोलने नंतर करावीत, असे यावर सांगितले जाते. तरुणांच्या आग्रहात कधी उतावीळपणा असतो, माहिती अपुरी असते, हे मान्य करावे. परंतु त्यावर उपाय अधिक अभ्यासाचा आहे, पोलीस कोठडीचा नव्हे. कागदपत्रे वाचणारा, आकडे तपासणारा आणि सभेत उभा राहून शांतपणे प्रश्न विचारणारा विद्यार्थी हा कोणत्याही उत्तरदायी शासनाला हवासा वाटला पाहिजे.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एका प्रकल्पाचे सहामाही अहवाल विद्यार्थ्यांकरवी तपासून घ्यावेत आणि निष्कर्ष ग्रामसभेपुढे किंवा प्रभागसभेपुढे ठेवावेत. श्रेयांक द्यावयाचे ते या कामाला द्यावेत. जैवविविधतेच्या नोंदवह्या पुन्हा उघडून तरुणांच्या हाती द्याव्यात. प्रकल्पांचे संपूर्ण अहवाल, केवळ सारांश नव्हे, मराठीत मिळावेत. कारण ज्याच्या शेतात राख पडते त्याचा मुलगा बहुधा मराठीतच शिकतो. आणि शांततेच्या मार्गाने प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यावर गुन्हा नोंदविला जाणार नाही, अशी हमी शासनाने द्यावी. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती नागरिकांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याची तयारी, आणि ती दाखविण्याची जबाबदारी आता शासनाची व विद्यापीठांची आहे.