घरासाठीची पुंजी आणि जकात

रमजानमध्ये मौलानांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असतो: घराच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशांवर जकात द्यायची का? राहत्या घरावर जकात नाही. पण साठवलेली रक्कम निसाबइतकी, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी असेल आणि चांद्र वर्ष उलटले असेल, तर बहुतेक उलेमा अडीच टक्के द्यायला सांगतात. ४ लाखांवर १० हजार.

भाड्याच्या खोलीत राहून, ओव्हरटाइम करून जमवणाऱ्याला हे बोचते. साहजिकच आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते. उरलेले आणि वर मुद्रांक शुल्क, नोंदणी स्वतःच उभे करायचे.

तरी घर लांबते ते या १० हजारांमुळे नव्हे. लग्नातल्या बिर्याणीच्या देगा, ईदची उधारीवरची खरेदी, यांचा हिशेब मौलानांना कुणी विचारत नाही. (दरमहा साडेआठशे रुपये बाजूला टाकले, तर जकातीचे ओझे एकदम पडतही नाही.) आणि हे १० हजार जातात कुठे? अनेकदा त्याच गल्लीतल्या एखाद्या विधवेकडे. तिचे तीन महिन्यांचे भाडे थकलेले असते, आणि ईदनंतर खोली रिकामी करा, असे घरमालकाने बजावलेले असते.