पायरीची कड

नाताळ महिन्यावर आला की आपल्या घरोघरी रंगाचे डबे उघडू लागतात. भिंती उजळतात, दारेखिडक्या चकचकीत होतात, आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून कुणाचे तरी लक्ष जिन्याकडे वळते. जुन्या घरांतील लाकडी जिन्याच्या नशिबी बहुधा हा असा उरलासुरला रंगच येतो. त्या जिन्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. कारण या बाबतीत आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली आहे.

बेळगावातील आमच्या घराचा जिना सागवानी आहे. पायऱ्या तेरा. तीन पिढ्यांची पावले एकाच जागी पडून प्रत्येक पायरी मध्यभागी बशीसारखी झिजलेली आणि तिची कड गोल झालेली. चार वर्षांपूर्वीच्या नाताळात दारांसाठी आणलेल्या तपकिरी ऑइलपेंटचे दोन हात आम्ही त्यावर दिले. जिना आरशासारखा चमकू लागला. आल्यागेल्यांनी वाखाणला. सणानंतर तिसऱ्याच दिवशी पहाटे आमच्या मातोश्री पायमोजे घालून खाली येत असता शेवटून तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले.

इस्पितळातून परत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, रंग छान आहे. पण पायरी कुठं संपते तेच मला दिसेना.”

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हात बरा झाला. पण मातोश्री खाली उतरेनाशा झाल्या. जेवणाचे ताट वर जाऊ लागले. मागील दारात बसून अंगणाकडे पाहत सकाळचा चहा घेण्याची त्यांची साठ वर्षांची सवय मोडली. त्यांची खोली खाली आणावी असे आम्ही सुचविले, ते त्यांना मानवले नाही. आणि आम्हांसही पुन्हा बोलण्याचे धैर्य झाले नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही जिन्याचे काम नव्याने हाती घेतले. एप्रिल मुद्दाम निवडला, कारण बेळगावच्या पावसाळी हवेत लाकूड ओल धरते आणि रंग चिकट राहतो. या वेळी रंगाऱ्याआधी सुतारास बोलाविले. त्याने प्रत्येक फळी टोच्याने टोचून पाहिली. टोच्या लोण्यासारखा आत शिरला तर ते लाकूड वाळवीने किंवा ओलीने गेले असे समजावे, त्यावर कितीही रंग दिला तरी व्यर्थ. आमच्या दोन फळ्या तशा निघाल्या, त्या बदलल्या. बाकीच्या उखडून त्याने चक्क उलट्या बसविल्या! पोटाकडची बाजू अगदी सपाट होती. साध्या चौकोनी फळ्यांचा जिना असेल तरच हे साधते, हे खरे. परंतु आमचा अर्धा खर्च त्या एका युक्तीने वाचला. करकरणाऱ्या सांध्यांत पाचरी मारून खिळ्यांऐवजी स्क्रू घातले.

नंतर जुना रंग काढण्याचे काम. येथे वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी, थोडे थांबावे. पूर्वीच्या रंगांत शिसे सर्रास असे. पांढऱ्या सफेद्यात, पिवळ्यात, लाल शेंदरी अस्तरात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे जुन्या घरातील रंगाच्या पापुद्र्यांत ते असणार असेच धरून चालावे. कोरडा काचकागद घासला की त्याची बारीक धूळ घरभर बसते. ती मुलांच्या हातांतून पोटात जाते व त्यांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. म्हणून नातवंडांस आठवडाभर आजोळी धाडले, पाण्याचा काचकागद आणून ओलाच घासला, तोंडाला मास्क बांधला आणि निघालेला चिखल झाडून न टाकता ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद केला. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात, किंवा बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

लाकूड पुरते वाळल्यावर अस्तराचा एक हात आणि जमिनीसाठी मिळणाऱ्या टणक, बिनचमकीच्या गडद रंगाचे दोन हात दिले. शेवटच्या हातात चाळलेली बारीक वाळू मिसळली. तिने पायाला पकड मिळते. एक दिवस सम पायऱ्या, त्या वाळल्यावर विषम, असा क्रम ठेवल्याने माणसांची ये-जा थांबली नाही. मात्र वरून वाळलेला रंग आतून घट्ट व्हावयास आठवडा तरी लागतो. तोवर जड सामान जिन्यावरून ओढू नये.

हल्ली मोबाइलवर जिन्यांची जी चित्रे फिरतात त्यांत उभ्या फळ्यांवर वेलबुट्टी काढलेली असते. आमच्या रंगाऱ्यासही तोच हुरूप होता. पण ती नक्षी चढणाऱ्यास दिसते, उतरणाऱ्यास नव्हे; आणि माणसे पडतात ती बहुतेक उतरताना. म्हणून उभ्या फळ्या साध्याच ठेवून प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला दोन इंच रुंद फिकट पिवळा पट्टा ओढून घेतला, वरच्या पहिल्या पायरीपासून खालच्या शेवटच्या पायरीपर्यंत. वर-खाली दोन्हीकडे बटणे असलेला दिवा लावला आणि हलणारा कठडा पक्का केला. रंगारी निघताना म्हणाला, “साहेब, शोभा गेली हो.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आमचा जिना आता रेल्वेच्या फलाटासारखा दिसतो.

मातोश्रींस आम्ही काही बोललो नाही. नवव्या दिवशी सकाळी मागील दारातून त्यांचा आवाज आला. चहात साखर कमी असल्याची तक्रार चालली होती. त्या केव्हा उतरल्या ते कुणी पाहिले नाही.

यंदा चौथ्या आणि पाचव्या पायरीवरील पट्टे पुसट झाले आहेत. नाताळापूर्वी ते पुन्हा ओढावयाचे आहेत. पिवळ्या रंगाचा लहान डबा या वेळी सर्वांत आधी आणून ठेवला आहे.