'अशीच आणखी' म्हणजे कशी?

वाशी-नेरूळच्या घराघरांत आज कोरियन मालिका पाहिल्या जातात. एक संपली की पडदाच 'अशीच आणखी' पुढे करतो. अशीच म्हणजे कशी? 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'सारखी (२००९). श्रीमंत मुलगा गरीब मुलीला छळतो, आणि त्याला प्रेम म्हणायचं!

मैत्रिणींनो, साम्य चेहऱ्यांत नव्हे, प्रश्नांत शोधू या. 'किम जी-यंग, बॉर्न १९८२'मधली (२०१९) मुलासाठी नोकरी सोडावी लागलेली बाई, 'द ग्रेट इंडियन किचन'मधली (२०२१) चुलीशी जखडलेली सून, 'उंबरठा'मधली (१९८२) घराबाहेर पडणारी सुलभा या सख्ख्या बहिणी आहेत.

पुढे काय पाहायचं हे बाजारानं का ठरवावं? आपल्या गटात हे तिन्ही चित्रपट ओळीनं दाखवा. मग आपल्या घरात भांडी कोण घासतं, यावर बोला!