टँकरवरची पाटी वाचा

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या वेळी दिलेले कारण आठवते ना? महामार्गावर गॅसचे टँकर उभे होते, जमाव ते पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडल्या! न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यास जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला.

हे आपणा सर्वांना पाठ आहे. पण टँकरचे कारण घटकाभर खरे धरून चालू. एल.पी.जी.च्या टँकरजवळ साधी काडी ओढायला बंदी असते. मग त्याच टँकरच्या रक्षणासाठी बंदुकीचे बार काढणे कोणत्या नियमात बसते? टँकर धोक्यात असेल तर तो हलवायचा, आग विझवणाऱ्यांना बोलवायचे, माणसे दूर न्यायची. माणसे मारायची नव्हेत.

नियम तर तेव्हाही होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाच्या वाहतुकीचे स्वतंत्र नियम आहेत. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे पाटी हवी. तिच्यावर मालाचे नाव, ठळक अंकांत त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि तातडीचा फोन नंबर हवा. एल.पी.जी.चा क्रमांक १०७५, पेट्रोलचा १२०३. ड्रायव्हरला या कामाचे खास प्रशिक्षण हवे, मालाची लेखी माहिती केबिनमध्ये हवी, आणि अपघात झाल्यास त्याने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलेच पाहिजे. ड्रायव्हरवर सगळे ढकलून मालक मोकळा होतो, पण माल पाठवणारा आणि वाहतूकदार यांच्यावरही या नियमांनी जबाबदारी टाकली आहे.

महामार्गाला खेटून राहणारे बहुतेक आपलेच लोक. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले. चार जीव गेले. खालून जाणाऱ्यांचा त्या टँकरशी काय संबंध होता?

म्हणून माता-भगिनींनी आणि शाळकरी मुलांनीही एवढे लक्षात ठेवावे. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. गटारात, खड्ड्यात, जोत्याखालच्या खोलीत साचतो. वास आला की स्टोव्ह पेटवू नका, दिव्याचे बटण दाबू नका, स्कूटरला किक मारू नका. वारा जिकडून येतो तिकडे, उंच जागेकडे चालू लागा. मोबाईलवर चित्र काढायला जवळ जाणारे तरुण आजकाल फार झाले आहेत, त्यांना हाताला धरून मागे ओढा. लांब गेल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि दुरून दिसला असेल तर पाटीवरचा क्रमांक सांगा. आत काय आहे ते अग्निशमन दलाला त्यावरून कळते.

पाटी पुसलेली किंवा चिखलाने झाकलेली दिसली तर गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ लिहून आर.टी.ओ.कडे अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.