मॉन्टीला आठवतं, मला का नाही?



आज ज्या विषयावर लिहिते आहे तो आपल्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात धडा म्हणून नाही, पण मधल्या सुट्टीत तो हमखास निघतो. पुनर्जन्म! 'कर्ज', 'करण अर्जुन', 'ओम शांती ओम', हिंदीत डब झालेला 'मगधीरा' हे सगळे सिनेमे आपली मुलं टीव्हीवर आणि आता मोबाईलवर बघतात आणि मग विचारतात, "मॅडम, हे खरं असतं का?" यावर स्टाफरूममध्ये दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, "तो विषय नको, उगाच पालक भांडायला येतील." दुसरं, "सगळं थोतांड आहे, अभ्यासाकडे लक्ष द्या." माझं मत असं की या दोन्ही उत्तरांनी मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ही गोष्ट वर्गात घ्यावी, आणि ती गोष्ट म्हणूनच घ्यावी.

आपण मराठीत ज्याला 'कादंबरी' म्हणतो तो शब्दच मुळी पुनर्जन्माच्या एका अद्भुत कथेतून आला आहे. सातव्या शतकात, सम्राट हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने 'कादंबरी' नावाचं संस्कृत गद्यकाव्य लिहिलं. कादंबरी हे त्यातल्या नायिकेचं नाव. हिंदीने 'उपन्यास' घेतला, गुजरातीने 'नवलकथा' घेतली. मराठीने आणि शेजारच्या कन्नडने मात्र या एका पुस्तकाचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. तरीही आपल्यापैकी कितीजणांनी मुलांना ही कथा सांगितली आहे? संस्कृत शिकलेल्यांना 'शुकनासोपदेश' आठवेल, कारण तो परीक्षेला असतो. मंत्र्याचा उपदेश ठेवला आणि पोपट उडवून लावला, असं झालंय खरं!

कथा थोडक्यात सांगते. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते. पोपट माणसासारखा बोलतो आणि स्वतःची हकीकत सांगतो. त्या हकिकतीत जाबाली ऋषी आणखी एक कथा सांगतात, तिच्यात महाश्वेता तिची स्वतःची कथा सांगते. कांद्याच्या पाकळ्यांसारखं आत आत जायचं. शेवटी कळतं की ऐकणारा शूद्रक राजा हाच मागच्या जन्मीचा राजपुत्र चंद्रापीड, आणि त्याही आधीचा प्रत्यक्ष चंद्र. तो पोपट म्हणजे त्याचा मित्र वैशंपायन, आणि त्याआधीचा पुंडरीक. राजपुत्राचा घोडासुद्धा कुणाचा तरी दुसरा जन्म असतो! बाणभट्ट ही कथा पुरी करण्याआधीच गेला, उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला. मूळ कथाबीज गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तलं मानतात, आणि परंपरेनुसार गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारी, म्हणजे आपल्या पैठणला होता. तेव्हा ही कथा आपल्यालाही अगदी परकी नाही.

या कथेतल्या एका गोष्टीकडे मुलांचं लक्ष जरूर वेधा. पोपटाला मागचा जन्म आपणहून आठवत नाही. जाबाली सांगतात, मग त्याला आठवतं. राजालाही आपणहून आठवत नाही. त्याला सांगितलं जातं, मग आठवतं. म्हणजे आधी सांगणारा येतो आणि आठवण नंतर येते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सिनेमाकडे येऊ. मॅक्स एर्लिक या अमेरिकन लेखकाची 'द रिइन्कार्नेशन ऑफ पीटर प्राउड' नावाची कादंबरी आहे. तिच्यावर १९७५ साली इंग्रजी चित्रपट निघाला, पटकथाही एर्लिकनेच लिहिली. एका प्राध्यापकाला पुन्हा पुन्हा तीच स्वप्नं पडतात : तळ्यात पोहणाऱ्या एका माणसाला त्याची बायको मारते आहे. शोध घेत तो त्या गावी पोचतो. शेवट चित्रपटात असा, की तीच बाई त्याला पुन्हा त्याच तळ्यात मारते. मागचा जन्म कळला, पण उपयोग शून्य. पाच वर्षांनी, १९८० साली, मूळ नागपूरच्या सुभाष घई यांनी 'कर्ज' काढला. सांगाडा तोच : बायकोने नवऱ्याला मारलं, तो दुसऱ्या जन्मी परत आला. पण आपल्याकडे येताना तळ्याच्या जागी कालीमातेचं देऊळ आलं, स्वप्नांच्या जागी गिटारची धून आली आणि मुख्य म्हणजे वाट बघणारी आई आली. ती दुर्गा खोटे यांनी केली आहे. नायक मॉन्टीला सगळं आठवतं, तो सूड घेतो, आईला मुलगा परत मिळतो.

मला 'कर्ज' आवडतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत कुणाला आवडणार नाही? शिवाय रूपांतर कसं करतात हे शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. इंग्रजी गोष्टीत माणूस एकटा आहे, आपल्या गोष्टीत तो कुणाचा तरी मुलगा आहे. आठवी-नववीच्या मुलांना हा फरक लगेच पकडता येतो. पण त्याच फरकात मला काळजीची जागाही दिसते. सिनेमाचं नावच 'कर्ज' आहे. मागच्या जन्माचं देणं या जन्मी फेडायचं. पडद्यावर ते शोभतं. घरात काय होतं?

आमच्या करकंबला किंवा आजूबाजूच्या कुठल्याही गावात, घरात मयत झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत बाळ जन्मलं की म्हातारी माणसं म्हणतात, "आबाच आलं बघा परत." यात वाईट काही नाही. दुःख हलकं करायची ती एक रीत आहे. पण काही घरांत ते तेवढ्यावर थांबत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या जन्माआधी थोडेच दिवस त्याचा चुलता मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. मुलाला चुलत्याचंच नाव ठेवलं. मानेवर तीळ होता, तोही जुळला म्हणे. चुलता पोलीस भरतीची तयारी करत होता, म्हणून यानेही पहाटे उठून पळायचं. आजी रोज विचारायची, "आठवतंय का रं तुला? विहिरीवर पवायला जायचास ते?" एक दिवस वर्ग सुटल्यावर तो माझ्याकडे थांबला. म्हणाला, "मॅडम, मॉन्टीला आठवतं. मला काहीच का आठवत नाही?" मग हळूच म्हणाला, "मी आजीला खोटंच सांगतो, आठवतंय म्हणून. ती रडते, पण तिला बरं वाटतं."

सांगा, या मुलाला "थोतांड आहे" एवढं म्हणून काय मिळेल? त्याची आजी खोटारडी ठरेल, आणि तोही. आणि "हा विषय नको" म्हटलं तर तो पुढच्या वर्षी आणखी चार आठवणी रचेल. मी त्याला पोपटाची गोष्ट सांगितली. आधी सांगणारा, मग आठवण. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे विहिरीचं मला आजीनंच सांगितलंय." एवढं त्याचं त्याला उमगलं, मी वर काही जोडलं नाही.

"पण मॅडम, यावर संशोधन झालंय ना?" असं पालक विचारतात. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयन स्टीव्हन्सन यांनी अशा मुलांच्या हकिकती वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्यात भारतातल्याही आहेत. १९६६ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावात त्यांनी स्वतः 'पुनर्जन्म सुचवणारी प्रकरणं' असा शब्द वापरला, 'सिद्ध करणारी' असा नाही. एवढा सावधपणा आपणही बाळगायला काय हरकत आहे? दुसरी गोष्ट मुलींच्या पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मागच्या जन्माचा स्पष्ट उल्लेख आहे. 'मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस, प्रेयसी होतीस' असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा गोष्टींवर बंदी घालत नाही, गोष्टीच्या आडून होणाऱ्या फसवणुकीवर घालतो. मोठ्या वर्गातल्या मुलींना हे स्पष्ट शब्दांत सांगायला मी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका.

कुणी म्हणेल, आपल्या संतांनीही पूर्वजन्म सांगितले आहेत. हो, सांगितले आहेत. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई यांनी आपले मागचे बारा जन्म अभंगांतून वर्णिले आहेत. पण बघा, त्यांनी ते स्वतःचे सांगितले, आयुष्याच्या शेवटी, आपल्या मुलाला. आठवीतल्या पोराच्या मानेवर दुसऱ्याचा जन्म ठेवणं ही वेगळी बाब आहे.

वर्गात मी एक उपक्रम घेतला, तुम्हीही घेऊन बघा. 'कर्ज'ची गोष्ट सांगायची आणि मुलांना शेवट बदलायला लावायचा : मॉन्टीला काहीच आठवलं नाही तर? बहुतेक मुलांनी पोलीस आणले. दोघा-तिघांनी भूत आणलं. एका मुलीने लिहिलं की मॉन्टी त्या म्हातारीच्या घरी भाड्याने राहायला येतो, ती त्याला रोज भाकरी करून घालते, आणि तो कोण हे दोघांनाही कधीच कळत नाही. चित्रपट काढायला हरकत नाही!

पालकांना माझी एकच विनंती आहे. "आठवतंय का?" असं मुलाला विचारू नका. त्याऐवजी, "तुझा काका कसा होता, सांगू का?" असं विचारा. त्या मुलाने आजीला तसंच सांगायला लावलं. आजी खूप बोलली म्हणे. चुलता गणितात दोनदा नापास झाला होता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच पळत येऊन त्याने मला ते सांगितलं, आणि सांगताना हसू त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.