स्वदेशीचा भाव आणि भावाचे गणित

स्वदेशी वस्तू घ्या, असे आवाहन आपण ग्राहकाला वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. समाजाने त्याला प्रतिसादही दिला. परंतु ती वस्तू निर्माण करणाऱ्या लघुउद्योजकाने तिचा भाव कसा ठरवावा, याविषयी आपल्या व्यासपीठांवरून फारसे बोलले जात नाही. परिणामी, एखाद्या बलाढ्य कंपनीची सवलतीची जाहिरात झळकली, की आपला उद्योजक धास्तावतो आणि तोही भाव उतरवतो. हा मार्ग बहुधा आत्मघाताचा ठरतो. तो का, हे साध्या अंकगणिताने दाखवता येते.

किंमत बदलली असता मागणी ज्या प्रमाणात बदलते, त्या प्रमाणास अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथाने ही संज्ञा रूढ झाली. पण तिच्यामागील दृष्टी आपल्याला परकी नाही. कोणत्या मालाला लोकांची पसंती आहे, कोणत्याला नाही आणि त्याच्या किमतीत कसा फरक पडतो, हे पण्याध्यक्षाने जाणून असावे, अशी कौटिल्याची अपेक्षा होती.

समजा, एका गृहोद्योगाचे मेतकुटाचे पाकीट ४० रुपयांना विकले जाते व महिन्याला १,००० पाकिटे खपतात. भाव ४४ रुपये केल्यावर खप ८२० वर आला. टक्केवारी जुन्या व नव्या आकड्यांच्या सरासरीवर काढावी, म्हणजे भाव चढो वा उतरो, उत्तर एकच येते. खपातील घट १८०, तिला ९१० ने भागता सुमारे १९.८ टक्के, भावातील वाढ ४, तिला ४२ ने भागता सुमारे ९.५ टक्के. या दोहोंचा भागाकार सुमारे २.१. हा आकडा एकाहून मोठा असेल तर मागणी लवचिक आणि लहान असेल तर ताठर. लवचिक मागणीत भाव वाढवला की विक्रीची एकूण रक्कम घटते. येथे ती ४०,००० रुपयांवरून ३६,०८० रुपयांवर आली.

एवढे पाहून उद्योजक घाबरतो आणि भाव पूर्ववत करतो. तेथेच तो चुकतो. कच्चा माल, वेष्टन व वाहतूक मिळून पाकिटामागे ३० रुपये खर्च येत असेल, तर पूर्वी १०,००० रुपये उरत होते, आता ११,४८० उरतात. जागेचे भाडे दोन्ही वेळा तेच. विक्री घटली, शिल्लक मात्र वाढली. याउलट भाव ३६ रुपये केला, तर पाकिटामागे ६ रुपयेच हाती राहतात. पूर्वीइतकी शिल्लक राखायला १,६६७ पाकिटे खपली पाहिजेत. दहा टक्के सवलतीसाठी सदुसष्ट टक्के अधिक खप! विदेशी भांडवलाचा आधार असलेली कंपनी असा तोटा दीर्घकाळ सोसू शकते. बचत गटातील आपल्या भगिनी सोसू शकत नाहीत.

यावर कोणी 'निरमा'चा दाखला देईल. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घराच्या अंगणात धुण्याची पावडर बनवून सायकलवरून विकायला आरंभ केला. 'सर्फ' किलोला सुमारे तेरा रुपयांना मिळत असता निरमाचा भाव सुमारे तीन रुपये होता. ज्या घरांना पावडर परवडतच नव्हती, त्यांची मागणी अत्यंत लवचिक होती आणि ती निरमाकडे वळली. परंतु हे स्वस्तपण नफ्याला कात्री लावून आले नव्हते. ते उत्पादनखर्चाच्या काटकसरीतून आले होते. ज्याचा खर्चच कमी आहे, त्यानेच स्वस्ताईच्या रणात उतरावे.

इतरांनी आपल्या मालाची मागणी ताठर कशी होईल, ते पाहावे. पर्याय जितके अधिक, तितकी मागणी लवचिक. चव, शुद्धता, वेळेवर पुरवठा आणि चोख वजन यांमुळे ग्राहकाला दुसरा पर्याय दिसेनासा होतो. भाव बदलताना तो प्रथम एखाद्याच गावी बदलावा, खपाची नोंद दोन-तीन महिने ठेवावी आणि सणासुदीचा खप त्यात मिसळू देऊ नये; अन्यथा दिवाळीची गर्दी आपल्या भावाची किमया वाटू लागते.

मात्र या गणिताला धर्माची मर्यादा हवी. मिठावाचून कोणाचे चालत नाही, याच आधारावर ब्रिटिशांचा मीठकर उभा होता. १९३० साली देशाने त्याविरुद्ध सत्याग्रह केला. औषध वा धान्य यांची मागणी ताठर असते, म्हणून अडलेल्याला नाडणे हा व्यापार नव्हे. प्रजेला पीडा देणारा मोठा नफाही टाळावा, असे कौटिल्याने राजालाच बजावले आहे. प्रत्येक स्वदेशी उद्योजकाने आपल्या वहीत भाव, खप आणि पाकिटामागील शिल्लक असे तीन रकाने आजच आखावेत. ग्राहकाची निष्ठा मागण्याचा अधिकार त्या वहीतूनच मिळेल.