सांडवा उंच करू नका!

आपला नांदगाव तालुका दुष्काळी. घागरभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या माणसाला पुराची भीती सांगितली, तर तो हसेल. पण सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरी नद्यांचे पाणी नांदगाव शहरात शिरले, तेव्हा कोणी हसले नाही. कोरड्या मुलखात पाऊस थोडा पडतो, परंतु कधी कधी एकदम कोसळतो. उघड्या माळावर त्याला थोपवणारे काही नसते.

या पाण्याचा वेग वाटेत मोडणारा पहारेकरी म्हणजे मातीचा पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर महाराष्ट्रात असे कितीतरी बांध उभे राहिले. अशाच एका बांधावर माझ्या आजीने मातीच्या पाट्या वाहिल्या. बांध पाणी अडवण्यासाठी असतो हे खरे. पण तो टिकतो जादा पाणी सोडल्यामुळे! मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती वाहून जाते आणि बांध फुटतो. म्हणूनच माथ्यापेक्षा खाली, एका कडेला सांडवा ठेवलेला असतो.

आणि आपण काय करतो? आमच्या गावात सांडव्यावर दगड आणि वाळूची पोती रचतात. का, तर हातभर पाणी जास्त साठावे! त्यांना दोष देताना जीभ अडखळते, कारण त्या हातभर पाण्यावर कुणाचा तरी कांदा निघतो. परंतु ते पाणी बांधाखालच्या वस्तीच्या जिवावर उसने घेतलेले असते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि झोपेतली माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे खापर मात्र खेकड्यांवर फुटले. आपल्याकडे तर खेकड्यांचीही गरज नाही!

धरणांतील गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना २०१७ पासून आहे. गाळाने शेत पिकते, म्हणून तो न्यायला ट्रॅक्टर येतात. सांडव्यातली वेडी बाभूळ तोडून कुणाच्या पदरात काय पडणार? म्हणून ती वाढतच राहते. हे काम आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराने जूनपूर्वी हाती घ्यावे. आणि गावकऱ्यांना हात जोडून एवढेच सांगावे : पाणी वाढवायचे तर तळ खोल करा, सांडवा उंच करू नका. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण जाणतो. पूर आल्यावर सांडवा मोकळा करता येत नाही, हेही आता शिकायला हवे.